शिंगाडेवाडीचा कडू काढा

फार जुन्या काळी, म्हणजे आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी जी गोष्ट आजोळी ऐकली असेल त्या काळी, एक तळ्यांचं राज्य होतं. जिकडे बघावं तिकडे तळी. तळ्यांत मासे, तळ्यांत कमळं, तळ्यांत शिंगाड्याच्या वेली. पण पावसाळा सरला की याच तळ्यांच्या काठानं ताप यायचा. आधी दातखिळी बसेल अशी थंडी, मग अंग भट्टीसारखं गरम, मग दरदरून घाम. माणूस बरा झाला म्हणावं तोच पुन्हा थंडी. लहान मुलं त्यात जायची, म्हातारी माणसं जायची. एका वर्षी राजाचा धाकटा मुलगाही त्यातच गेला.

त्या राज्यात अंबुजा नावाची एक वैद्य होती. हात हलका, बुद्धी तल्लख, आणि स्वभाव उतावळा. तापावर औषध शोधायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं. किती मुळ्या उकळल्या, किती साली कुटल्या, किती काढे ओतून दिले, त्याला गणती नव्हती. तिच्या अंगणात सदा काहीतरी शिजत असे, आणि शेजारणी नाकाला पदर लावून ये-जा करत.

एके वर्षी तिला स्वतःलाच ताप भरला. कुडकुडत, चुलीपाशी बसून, तिनं डोंगरातून आणलेल्या एका मुळीचा काढा करून घेतला. इतका कडू, की डोळ्यांतून पाणी आलं. पण दुसऱ्या दिवशी थंडीची वेळ आली आणि गेली, थंडी आलीच नाही. त्यापुढच्या वेळीही आली नाही.

अंबुजा अंथरुणातून उठली ती अंगणात धावतच गेली. उरलेली मुळी हातात धरून ती वेड्यासारखी हसत होती. पुढे तिनं तो काढा तापानं फणफणलेल्या काही रोग्यांना दिला. तेही उठून बसले.

मग तिच्या मनात त्याहून मोठा विचार आला. आलेला ताप जातो, तर ताप यायच्या आधीच काढा दिला तर? ताप येणारच नाही का? एक माणूस नाही, एक अख्खी वस्ती तापाबाहेर काढता येईल का? या विचारानं तिला जेवण गोड लागेना. ती राजाकडे गेली.

राजानं सगळं ऐकून घेतलं. मुलगा गेल्यापासून तो फारसा बोलत नसे. तो एवढंच म्हणाला, "वैद्यबाई, हे खरं ठरलं तर माझ्यासारखा बाप या राज्यात पुन्हा कोणी होणार नाही. लागेल ते मागा, पण लवकर करा."

आता पारख कुठे करायची? अंबुजाला लगेच शिंगाडेवाडी आठवली. तिथली माणसं मोठ्या तळ्यात शिंगाड्याची शेती करत. लांबुळके डोंगे, म्हणजे छोट्या होड्या, घेऊन पाण्यात जायचं, कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, वेली उलटवून काटेरी फळं तोडायची. सबंध दिवस पाण्यात. त्यामुळे दर वर्षी सर्वांत जास्त ताप तिथेच. आणि अंबुजावर त्या वाडीचा फार जीव. तिनं तिथल्या बायकांची बाळंतपणं केली होती, मोडलेले हात बसवले होते.

वाटेत तिच्या मनात आलं, यांना सांगायचं काय? नवीन औषध आहे, अजून पुरतं पारखलेलं नाही, असं सांगितलं तर घाबरतील. प्रश्न विचारतील. काहीजण नाही म्हणतील. समजावता समजावता पावसाळा सरून जाईल. आणि मी काय त्यांचं वाईट करायला निघालेय? चांगल्यासाठीच तर आहे सगळं.

मुलांनो, आणि मुलांना मांडीवर घेऊन ऐकणाऱ्या मोठ्यांनो, या शेवटच्या वाक्याकडे नीट लक्ष द्या. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

वाडीचा म्होरक्या डोमाजी नावाचा वयस्क माणूस होता. त्यानं विचारलं, "वैद्यबाई, ह्या एवढ्या हंड्यात काय आणलं?"

अंबुजा म्हणाली, "ताकदीचा काढा आहे, डोमाजीबाबा. पाण्यात राबता, अंगात बळ हवं. रोज सकाळी एक वाटी सगळ्यांनी घ्यायची."

वैद्यबाईंचा शब्द. वाडीनं वाट्या पुढे केल्या. तोंडं वाकडी करत, एकमेकांना हसत, सगळ्यांनी काढा घेतला. रोज घेतला.

पाऊस थांबला. शेजारच्या गावांत ताप सुरू झाला. आज या घरी, उद्या त्या घरी. अंबुजाचा जीव टांगणीला लागला. ती रोज सकाळी शिंगाडेवाडीच्या वाटेला लागायची. आणि रोज तेच दृश्य: डोंगे पाण्यात, माणसं पाण्यात, गाणी चाललेली. कोणी कुडकुडत नाही, कोणी गोधडीत नाही. शिंगाड्याच्या वेलींना पांढरी फुलं आली, ती झडली, फळं धरली, तरी वाडीत तापाचा एकही रोगी नाही.

अंबुजानं ही बातमी राजाला सांगितली तेव्हा तो सिंहासनावरून खाली उतरला. तिच्यापुढे उभा राहिला, आणि त्यानं हात जोडले. मग हुकूम सुटले. डोंगरातून मुळ्यांच्या गोण्या निघाल्या. मोठमोठ्या कढया चुलींवर चढल्या. येत्या सणाच्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक गावात काढा वाटायचा असं ठरलं. रस्त्यानं जाताना लोक अंबुजाला थांबवून तिच्या पायांना हात लावू लागले. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

सण अगदी तोंडावर आला असताना शिंगाडेवाडीत एक अपघात झाला.

फुलवंता नावाची तरणीताठी बाई, पाण्यातली पटाईत. धुक्याच्या सकाळी ती डोंग्यात वाकून फळं तोडत होती. मागून एक भरलेला डोंगा आला. धुक्यात काही दिसत नसे, म्हणून माणसं हाका देतच पुढे सरकायची. त्या डोंग्यावरच्या माणसानंही हाका दिल्या. आजूबाजूचे सगळे डोंगे बाजूला झाले. फुलवंता मात्र वाकलेलीच राहिली. डोंगा तिच्या डोंग्यावर आदळला, ती पाण्यात पडली आणि वेलींच्या जाळ्यात अडकली. तिच्या जावेनं उडी टाकून, विळ्यानं वेली कापून, तिला वर ओढलं म्हणून जीव वाचला. हात मात्र मोडला होता.

अंबुजा धावत आली. तिनं हाड बसवलं, कामट्या बांधल्या. मग पाठीमागे बसून लेप वाटता वाटता तिनं विचारलं, "फार दुखतंय का गं?"

फुलवंता काही बोलली नाही.

"फुलवंता, दुखतंय का?"

तरी उत्तर नाही. जाऊ म्हणाली, "वैद्यबाई, तुम्ही समोर या. मागून तिला ऐकूच येत नाही हल्ली."

अंबुजाचा वाटणारा हात थांबला. "हल्ली म्हणजे कधीपासून?"

"वेली फुलल्या तेव्हापासून. आधी म्हणायची, कानात रातकिडे ओरडतात. मग ते रातकिडे गप्प झाले आणि कानही गप्प झाला."

"मग मला का नाही सांगितलंत?"

जाऊ गोंधळली. "तुम्हाला काय सांगायचं त्यात? पाण्यातली कामं. वाटलं, कानात पाणी गेलं असेल. कोमट तेल घातलं."

अंबुजा फुलवंताच्या समोर येऊन बसली. "अगं, पण मी रोज येत होते. रोज विचारत होते, बरे आहात ना म्हणून."

फुलवंता तिच्या ओठांकडे बघत म्हणाली, "तुम्ही तापाचं विचारत होता, आणि ताप नव्हता. काढा ताकदीचा म्हणून दिलात. ताकदीच्या काढ्यानं कान जातात, हे माझ्या मनात यावं तरी कसं?"

अंबुजा उठली आणि घरोघर फिरली. दोन घरं सोडून एका म्हाताऱ्याला रातकिडे ऐकू येत होते. पलीकडे एका सुनेला. तिच्या सासऱ्यालाही. कोणाला वाटलं वय झालं, कोणाला वाटलं थंडीचा वारा लागला. प्रत्येकजण आपापल्या घरात तेल घालत बसला होता. एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

त्याच दुपारी तिनं वाडीला तळ्याकाठी जमवलं आणि हंडा सगळ्यांसमोर उपडा केला. "हा ताकदीचा काढा नाही," ती म्हणाली. "हे तापावरचं नवीन औषध आहे. ते मी तुमच्यावर पारखून बघत होते. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही नाही म्हणाल या भीतीनं सांगितलं नाही."

कोणी ओरडलं नाही. कोणी दगड उचलला नाही. माणसं फक्त तिच्याकडे बघत राहिली, आणि ते तिला फार जड गेलं.

डोमाजी म्हणाला, "आम्ही तुमच्या हातून विषसुद्धा घेतलं असतं, बाई. विष म्हणून सांगितलं असतं तरी घेतलं असतं कोणी. पण विचारायला पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबुजा दरबारात उभी राहिली. बाहेर कढया रटरटत होत्या. तिनं राजाला सगळं सांगितलं आणि वाटप थांबवायची विनंती केली.

राजाचा चेहरा पडला, मग कठोर झाला. "किती जणांचे कान गेले?"

"फुलवंताचा एक कान पूर्ण गेला, दुसऱ्यानंही कमीच ऐकू येतं. आणखी काहीजणांचं ऐकणं कमी झालंय."

"आणि तापानं किती मेले तिथे?"

"कोणी नाही, महाराज."

"मग झालं तर. माझ्या मुलाचे कान गेले असते आणि तो जगला असता, तर मी देवाचे उपकार मानले असते. वाटप होऊ द्या. कानांबद्दल कुठे बोलू नका."

दरबारात सगळ्यांनी माना डोलावल्या. खरं सांगायचं तर अंबुजालाही क्षणभर ते पटलं. मग ती म्हणाली, "महाराज, तुमच्या मुलासाठी तुम्ही ठरवलं असतं, तो तुमचा अधिकार होता. फुलवंतासाठी ठरवायचा अधिकार फुलवंताचा होता, तो मी चोरला. आणि दुसरी गोष्ट अशी, की कानच जातात की आणखी काही, हे मला ठाऊकच नाही. थोड्यांचेच जातात की पुढे सगळ्यांचे जातील, तेही ठाऊक नाही. कारण मी लोकांना सांगितलं नाही, म्हणून लोकांनी मला सांगितलं नाही. हे औषध मला माहीत आहे असं मी समजत होते. मला त्यातलं अर्धंच माहीत आहे."

प्रधान पुढे होऊन म्हणाला, "तर मग तुरुंगातल्या कैद्यांना देऊन बघा. जो घेईल त्याची सुटका. कोणाची तक्रार येणार नाही."

"तक्रार येणार नाही, हीच तर अडचण आहे," अंबुजा म्हणाली. "सुटकेच्या आशेनं तो दोन्ही कान गेले तरी बोलणार नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय अर्थ? मला एक हंगाम द्या. मी शिंगाडेवाडीलाच पुन्हा विचारते."

"आणि त्या हंगामात जे तापानं जातील?" राजानं विचारलं.

ती म्हणाली, "ते माझ्या मनावर राहील, महाराज."

राजानं डोळे मिटले. मग हातानं खूण केली. बाहेरच्या चुली विझवल्या गेल्या.

तो हंगाम तिला फार कठीण गेला. ज्यांनी तिच्या पायांना हात लावले होते ते तिला बघून तोंड फिरवू लागले. एका घरी तापानं मूल गेलं, तेव्हा त्याच्या आईनं तिला दारातूनच परत पाठवलं. औषध असून दिलं नाही, असं लोक म्हणत. ती जुने काढे घेऊन घरोघर जात राहिली.

पुढचा पावसाळा यायच्या आधी ती शिंगाडेवाडीत गेली. या वेळी हंडा नव्हता. तिनं सगळ्यांना बसवून सांगितलं, "मुळी तीच आहे, पण काढा सौम्य करून बघायचा आहे. ताप थांबेल का, ठाऊक नाही. कान वाचतील का, ठाऊक नाही. मी स्वतः घेणार आहे. तुम्ही घ्या असं म्हणायला मला तोंड नाही, विचारायला मात्र आले आहे. जो नाही म्हणेल त्याच्या घरी मी पूर्वीसारखीच येईन. जो हो म्हणेल त्यानं उद्या नाही म्हटलं तरी चालेल."

सगळ्यांनी डोमाजीकडे बघितलं. त्यानं मान हलवली. "माझ्याकडे बघू नका. माझं हो म्हणजे वाडीचं हो नाही. मी घेणार नाही, माझे कान आधीच जायच्या वाटेला आहेत. तुमचं तुम्ही बोला."

मग प्रश्न सुरू झाले. पोटुशीनं घ्यावं का? नाही. तान्ह्यांना? नाही. कान गेला तर परत येतो का? माहीत नाही. औषध चांगलं निघालं तर ते आधी दरबारी लोकांना, की आम्हाला? आधी तुम्हाला, राजाकडून तसा शब्द घेऊन येते. दिवस कलेपर्यंत ती उत्तरं देत होती. शेवटी काही घरं हो म्हणाली, काही नाही म्हणाली, काही म्हणाली की शेजाऱ्याचं बघून ठरवू.

फुलवंता उठली आणि म्हणाली, "मी घेणार नाही. पण रोज सकाळी हंड्यापाशी मी बसणार. मी विचारल्याशिवाय कोणाला वाटी मिळणार नाही."

"का गं?" जावेनं विचारलं.

"वैद्यबाईंवर माझा भरवसा नाही म्हणून."

अंबुजा म्हणाली, "बस. मला तू हवीच आहेस."

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. रोज सकाळी हंड्याभोवती वाडी गोळा व्हायची आणि फुलवंता एकेकाला विचारायची. रातकिडे वाजतात का? डोकं जड आहे का? झोप लागली का? लोकांना आता ठाऊक होतं की आपण काय घेतोय आणि कशासाठी, त्यामुळे ते काहीच दडवत नव्हते. उलट शोधून शोधून सांगत. एक म्हातारी म्हणाली, "मला स्वप्नात हत्ती येतो, तेही सांगायचं का?" फुलवंता म्हणाली, "सांग, हत्तीसुद्धा सांग."

एका सकाळी एक मच्छीमार म्हणाला, "रातकिडे आले." त्याची वाटी तिथेच थांबवली. काही दिवसांनी तो हसत आला. रातकिडे गेले होते, आणि कान शाबूत होता. अंबुजा जागेवरून उठलीच. म्हणजे रातकिडे हा इशारा आहे. तेव्हाच थांबलं तर कान वाचतो. मागच्या वर्षी हे कोणी सांगितलंच नव्हतं.

आणखी काही दिवसांनी एक सून म्हणाली, "आमच्या घरात सासूबाईंना त्रास झाला, मला नाही. त्या उपाशीपोटी घेतात, मी भाकरी खाऊन घेते." लगेच चारी बाजूंनी आवाज आले. माझंही तसंच. आमच्याकडेही तसंच. त्या दिवसापासून काढा न्याहारीनंतर देऊ लागले, आणि रातकिडे जवळजवळ बंद झाले. अंबुजाला हसू आवरेना, रडूही आवरेना. एवढ्या वर्षांत एकटीला जे सापडलं नव्हतं ते वाडी दर सकाळी तिच्या ओंजळीत टाकत होती.

पाऊस सरला. ताप आला. नाही म्हणालेल्या घरांत आला, हो म्हणालेल्या घरांत क्वचितच आला. सौम्य काढाही पुरत होता.

राजानं पुन्हा कढया चढवल्या. दवंडी पिटली, पण या वेळी दवंडीत सगळंच सांगितलं: औषध कशावर आहे, ते काय बिघडवू शकतं, कधी थांबायचं, कोणी घेऊ नये, आणि नको म्हणणाऱ्यावर जबरदस्ती नाही. राजानं शब्द पाळला. पहिली कढई शिंगाडेवाडीत पोचली. राज्यातल्या बऱ्याच लोकांनी काढा घेतला. काहींनी घेतला नाही, त्यांनी शेजाऱ्यांचं बघून पुढच्या वर्षी घेतला. वर्षामागून वर्षं ताप ओसरत गेला.

फुलवंताचा कान मात्र परत आला नाही. तिनं अंबुजाला कधी दोष दिला नाही, पण कधी माफही केलं नाही.

काही वर्षांनी फुलवंताच्या मुलीला ताप भरला. तिनं अंबुजाला निरोप धाडला. अंबुजा आली, काढा केला, वाटी भरली. फुलवंतानं वाटी घेतली नाही.

"आधी सांगा," ती म्हणाली.

त्या औषधाबद्दल फुलवंताला ठाऊक नाही असं काही उरलं नव्हतं. तरीही अंबुजा तिच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाच्या बाजूला जाऊन बसली आणि तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. ही मुळी कोणती, ती काय करते, ती काय बिघडवते, काय अजून कोणालाच ठाऊक नाही. काही गाळलं नाही. फुलवंतानं शेवटपर्यंत ऐकलं. मग मुलीकडे वळून तिलाही विचारलं, "घेशील का?" मुलीनं होकाराची मान डोलावली.

तेव्हा फुलवंतानं अंबुजाच्या हातातून वाटी घेतली.

तात्पर्य: ज्याच्या देहावर औषध पारखायचं, त्याला आधी सगळं खरं सांगावं आणि मगच त्याचा होकार मागावा, भल्यासाठी केलेली लपवाछपवीही औषधाचं विष करते.